वेणूगुरुजींची भूक

"हे अजून अर्धं कसं आहे बाबा?"

"काय अर्धं?"

"इंजेक्शनचं पेन. गणपतीच्या आधी आणलेलं. दर रविवारी एकदा टोचायचं, चार रविवार झाले की संपलं. गेल्या रविवारी शेवटचं टोचून ते रिकामं व्हायला हवं होतं."

"तू दही काढायला फ्रीज उघडलास की माझी झडती घ्यायला?"

"विषय बदलू नका. दोन रविवार तुम्ही टोचलेलंच नाही. बाथरूमचं दार लावून आत बसायचात आणि आम्ही बाहेर खुश, की बाबा घेताहेत."

"पितृपक्ष झाला की घेणार होतो."

"औषध आहे ते. उपास आहे का, सोयीने धरायला आणि सोयीने सोडायला?"

"उपासच आहे तो, आल्हाद. तीच तर अडचण आहे."

आल्हाद फ्रीजचं दार उघडं टाकून, पेन ट्यूबलाइटसमोर धरून उभा होता. अंबडच्या कारखान्यात तो क्वालिटीला होता, वस्तू उजेडात धरून खोट शोधणं हेच त्याचं काम. त्याची आई सुधाबाई स्वयंपाकघरातून आल्या, दोघांकडे न बघता फ्रीजचं दार लावलं आणि परत पोळ्या लाटायला गेल्या. मखमलाबाद रोडच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भांडायला दुसरी जागाच नव्हती. जे काय व्हायचं ते फ्रीजसमोर.

दुसऱ्या दिवशी पितृपक्ष सुरू होणार होता. शुक्रवारी पंचमी, आणि पंचमीला वेणीमाधव गुरुजींना, म्हणजे आल्हादच्या बाबांना, कॉलेज रोडला वत्सलाबाईंकडे पितृस्थानी बसायचं होतं. श्राद्धाला दोन ब्राह्मण जेवायला बसतात. एक देवांच्या जागी, दुसरा गेलेल्या माणसाच्या जागी. ती दुसरी जागा म्हणजे पितृस्थान. तिथे बसलेल्याने खाल्लं की गेलेल्याला पोचतं, अशी घरच्यांची श्रद्धा. चाळीसेक वर्षं वेणूगुरुजी त्याच पाटावर बसत आले होते. तिथे बसायचं तर माणसाला जेवता यायला हवं, आणि पेनात जे भरलं होतं ते जेवू देत नव्हतं. भांडण एवढंच होतं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

वेणीमाधव मूळचे त्र्यंबकचे. काकांनी लहानपणीच पंचवटीतल्या पाठशाळेत आणून सोडलं. पाठांतर चोख, पण घसा देवाने दिलाच नाही. आपण रुद्र म्हणायला लागलो की यजमानांच्या घरातलं पोर हमखास रडायचं, असं ते स्वतःच हसत सांगत. पौरोहित्यात नाव काढायचं तर आवाज लागतो. तेव्हा सकाळी पूजासाहित्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं आणि दुपारी कुणाकडे श्राद्ध असेल तर बसायला जायचं, असा त्यांचा क्रम पडला.

बसण्यात मात्र त्यांचा हात धरणारा नाशकात नव्हता. पुष्कळ खातो म्हणून नव्हे. पुष्कळ खाणारे रामकुंडावर ढिगाने मिळतात. श्राद्धाच्या पानावर बोलायचं नसतं. वडा छान झालाय असंदेखील म्हणायचं नसतं. मग जे सांगायचं ते हाताने आणि चेहऱ्याने. आमसुलाच्या चटणीला बोट लावल्यावर यांच्या भुवया किंचित वर जात, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बाई पदराने डोळे टिपायला लागे. पाय धुता धुता घरातलं कुणीतरी बोलून जायचं, अण्णांना कढी भातावर नको असायची, वाटीनेच प्यायचे. वेणूगुरुजी काहीच बोलत नसत. पानावर बसले की वाटी उचलून तोंडाला लावत. झालं. निघताना हातात दक्षिणेचं पाकीट पडे आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथेच पक्कं होई.

वत्सलाबाईंचे गेलेले यजमान खिरीत वडा बुडवून खायचे. तसं खाणारा माणूस दुसरा कुणी पाहिला नाही, असं त्या म्हणत. बारा-चौदा वर्षं वेणूगुरुजी त्यांच्याकडे खिरीत वडा बुडवून खात होते.

साखर आली ती पन्नाशीनंतर. श्राद्ध जेवलेल्याने त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही हा नियम, म्हणजे दुपारी डोंगराएवढं आणि रात्री काहीच नाही. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. गोळ्या झाल्या, मग इन्शुलिन झालं, इन्शुलिनने वजन आणखी वाढलं आणि वजन वाढलं म्हणून इन्शुलिन वाढलं. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाच्या करंगळीला चप्पल चावली. चावलेली कळलीच नाही, पायाला जाण राहिली नव्हती. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, गुरुजी, वजन आणि साखर दोन्ही खाली आलं नाही तर पुढच्या वेळी करंगळीवर भागणार नाही, घोट्यापर्यंत जाईल. मग यंदाच्या सुरुवातीला त्यांनी या नव्या इंजेक्शनचं नाव लिहून दिलं. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत टोचायचं. भूक कमी होते, साखर उतरते, वजन उतरतं.

औषधाच्या दुकानात आल्हादने किंमत विचारली आणि दुकानदाराला पुन्हा सांगायला लावली. महिन्याच्या पेनाचे सतरा हजार. मेडिक्लेममध्ये बसत नाही. अजून एखाद-दोन वर्षांनी असली औषधं स्वस्त होतील म्हणतात, दुकानदार म्हणाला. पाय तोवर थांबेल असं कुणी लिहून देत नव्हतं. आल्हादने कार्ड काढलं. घरी वेणूगुरुजींनी किंमत विचारली तर म्हणाला, ते तुम्ही बघू नका. सुधाबाईंनी पिशवीतलं बिल शोधून काढलं आणि बघितलं. पितृपक्षाचे पंधराही दिवस भरगच्च गेले तरी एवढी दक्षिणा जमत नसे.

औषध मात्र लागू पडलं. सदऱ्याच्या बाह्या सैल झाल्या, पायाची जखम भरली, जिना एका दमात चढता यायला लागला. आणि भूक गेली. आयुष्यभर पोटात कुणीतरी बसून हाका मारत होतं, जेवून उठल्यावरही मारत होतं, ते एकाएकी गप्प झालं. पहिल्या महिन्यात वेणूगुरुजींना त्या शांततेची भीतीच वाटली. चार घास झाले की पुरे. लाडू समोर असला तरी तो नुसता लाडू. त्यांनी सुधाबाईंना विचारलंसुद्धा, तुम्हा लोकांना असंच असतं का गं कायम? त्या म्हणाल्या, नाहीतर काय, आम्ही काय दिवसभर खाण्याचाच विचार करतो?

आषाढात वत्सलाबाईंच्या यजमानांचं दरवर्षीचं श्राद्ध होतं. वेणूगुरुजी पाटावर बसले. खिरीत वडा बुडवला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा घशाशी आला आणि तिथेच थांबला. पानात अर्धा वडा तसाच. जेवण झालं की श्राद्ध घालणारा ब्राह्मणाला रीतीप्रमाणे विचारतो, तृप्त झालात का. वत्सलाबाईंचा मुलगा दत्तू दरवर्षी त्यासाठी पुण्याहून यायचा. त्याने विचारलं आणि वेणूगुरुजी म्हणाले, तृप्त आहे. चाळीस वर्षं ते हे शब्द म्हणत आले होते, आणि चाळीस वर्षं पोटातला तो हाका मारत असतानाच म्हणत आले होते. त्या दिवशी तो गप्प होता. पण दारातून बघणाऱ्या वत्सलाबाईंना दिसला तो अर्धा वडा. निघताना त्या इतकंच म्हणाल्या, "ह्यांनी वडा कधी टाकला नव्हता, गुरुजी."

त्यानंतर फोन कमी झाले. कुणी वाईट बोललं नाही. गुरुजी वाळलेत, गुरुजींना बरं नसतं, त्यांना कशाला त्रास, असं काळजीने म्हणतच लोकांनी दुसरे ब्राह्मण धरले. पूर्वी पितृपक्षातला एकही दिवस मोकळा नसे. यंदा हातात राहिली पंचमी, नवमी आणि सर्वपित्री. इंजेक्शनाचं कुणाला सांगायची सोय नव्हती. भूक मारायचं औषध घेणारा ब्राह्मण आपल्या वडिलांच्या जागी कोण बसवेल? म्हणून त्यांनी श्रावण सरता सरता टोचणं थांबवलं, पितृपक्षापर्यंत भूक परत यावी म्हणून. ती आली, आणि साखरही तिच्यामागोमाग आली. गणपतीत सुधाबाईंनी वाटीत काढून ठेवलेले मोदक त्यांनी उभ्या उभ्या संपवले आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना आपण आपल्यासारखे वाटलो.

हे सगळं आल्हादला सांगण्याजोगं नव्हतं. तेव्हा रविवारी फ्रीजसमोर ते इतकंच म्हणाले की पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

आल्हाद म्हणाला, "पाचशे एक रुपये देतात तुम्हाला बाबा. या एका इंजेक्शनला चार हजारांच्या वर पडतात. तुमचे पाचशे एक मी देतो. रोज देतो. घरी बसा."

लाटणं थांबल्याचं बाहेर कळलं.

"तू देशील रे," वेणूगुरुजी म्हणाले. "पण मी बसू कुणाच्या जागी?"

मग बोलायचं नव्हतं ते आल्हादच्या तोंडून गेलं. की याच इंजेक्शनाची चिठ्ठी त्याच्या बायकोच्या, वल्लरीच्या पर्समध्येही आहे, फेब्रुवारीपासून. तिचं वजन, तिची पाळी, तिचा थायरॉइड, सगळ्यावर डॉक्टरीणबाईंनी हेच लिहून दिलंय. दोन पेनं महिन्याला परवडत नाहीत. ती म्हणाली, आधी बाबांचं. "आणि तुम्ही ते बाथरूममध्ये जाऊन घेत नाही. उघडल्यावर महिनाभरच चालतं ते. उद्या-परवा हे अर्धं पेन कचऱ्यात टाकायचं."

वल्लरी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. कपडे वाळत घालायला निघालेली, बादली हातात. "आल्हाद, हे आपलं बोलायचं ठरलं नव्हतं," ती म्हणाली आणि बादली घेऊन बाल्कनीत गेली.

सून घरात येऊन पाच वर्षं झाली होती. ती बारीक व्हावी म्हणून सकाळी गोदापार्कला चालायला जाते, जेवताना पोळी मोडून अर्धी परत ठेवते, हे वेणूगुरुजींनी रोज पाहिलं होतं. हल्लीच्या मुलींची हौस, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी ते संध्येला बसले. आचमन झालं, अर्घ्याची पळी हातात घेतली आणि तिथेच त्यांना सुचलं. संध्येची वेळ टळली तर काय करतात? रोजची तीन अर्घ्यं देतात, आणि टळलेल्या वेळेबद्दल प्रायश्चित्ताचं एक जास्तीचं. राहिलेलं भरून निघतं. लहानपणापासून ते असंच करत आले होते आणि त्याने कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं. शिवाय पेनात दोनच राहिली होती. एक आजचं, एक प्रायश्चित्ताचं. सुनेच्या वाटचा पैसा कचऱ्यात जाणार नाही. ते उठले, बाथरूमचं दार या वेळी उघडंच ठेवलं, पोटाच्या डाव्या बाजूला एक टोचलं, उजव्या बाजूला दुसरं, आणि रिकामं पेन आल्हादला दिसेल असं फ्रीजवर ठेवलं. आल्हादला वाटलं, उरलेलं फेकून द्यायचं म्हणून काढून ठेवलंय. त्याने ते उजेडात धरून पाहिलं नाही. त्या रात्री दोघंही एकमेकांशी बरं बोलले.

मंगळवारपासून मळमळायला लागलं. बुधवारी ताक पोटात ठरेना. सुधाबाई म्हणाल्या, अहो, वत्सलाबाईंना फोन करून नाही सांगा. पण एकदा आमंत्रण घेतलं की ब्राह्मणाने मागे हटायचं नसतं. गेलेला माणूस आदल्या दिवसापासून त्याच्यापाशी येऊन थांबलेला असतो म्हणतात, त्याला कुठे उभा ठेवणार? गुरुवारी थोडं बरं वाटलं. शुक्रवारी ते सोवळ्याचं धोतर पिशवीत घेऊन रिक्षाने गेले.

वत्सलाबाईंकडे सगळं दरवर्षीसारखं होतं. दत्तू पहाटेच पुण्याहून आलेला. मंत्र सांगायला यादवगुरुजी, देवस्थानी त्यांचाच भाचा. पान वाढलं. गवार, कारलं, भोपळा, अळू, कढी, लाडू, वडे, आणि मधोमध खिरीची वाटी. वेणूगुरुजींना खिरीचा वास आला आणि तो वास नाकातून थेट पोटात उतरला. त्यांनी वडा मोडला, खिरीत बुडवला. दारात वत्सलाबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता त्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला या वेळी थांबायचं नाही असं घरून ठरवून आले होते, म्हणून तोही घेतला आणि भुवया जरा वर केल्या. चौथ्याला सगळं पानावर आलं.

देवस्थानी बसलेला भाचा हात वरच्या वर धरून बसून राहिला. यादवगुरुजींनी डोळे मिटले, मनात शास्त्र धुंडाळलं आणि मग दत्तूला हळू आवाजात सांगितलं की पिंडदान अजून व्हायचं असताना पितृस्थानी वांती झाली, म्हणजे हे श्राद्ध झालंच नाही. आज उपास, आणि उद्या सगळं पहिल्यापासून. दत्तूची संध्याकाळची मीटिंग होती. तो मोबाइल घेऊन गॅलरीत गेला.

वेणूगुरुजींना बाहेरच्या खोलीत दिवाणावर निजवलं. दत्तूने गुरुजींच्या घरी फोन केला, सुधाबाईंनी वल्लरीला केला, आणि ती कॅनडा कॉर्नरच्या आपल्या बँकेतून स्कूटीवर पंधरा मिनिटांत आली. आल्या आल्या तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी घेतलं, किती घेतलं.

"बाबा, रविवारी एकच घेतलंत ना?"

"दोन."

"दोन का?"

"एक प्रायश्चित्ताचं."

वल्लरीने फोनवर नुसतं दोन सांगितलं. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते. मध्ये खंड पडला तर पुन्हा लहान मात्रेपासून चढायचं असतं आणि यांनी तर दुप्पट घेतलंय. घोट घोट पाणी द्या, चिमूटभर मीठ घालून. थांबलं नाही तर घेऊन या. पुढचं इंजेक्शन मी सांगेपर्यंत नाही. तिने फोन ठेवला. सासऱ्यांकडे बघून तिला एकदम हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती त्यांच्या पायाशी बसली, त्यांच्या पिशवीतला मोजा काढला आणि तो चढवण्याआधी जखमेची जागा बघायला लागली.

वत्सलाबाई पाणी घेऊन आल्या. भांडं त्यांच्या हातात दिलं, तरी जाईनात.

"गुरुजी, खरं सांगा. हे रागावलेत का माझ्यावर? आषाढात वडा टाकला, आज तर..."

"नाही हो."

"दत्तूने फ्लॅट विकायचं काढलंय. मी हो म्हटलं. त्यांना आवडलं नसेल."

वेणूगुरुजी उठून बसले. म्हातारी गेले दोन महिने हे मनात घेऊन वावरत होती, हे त्यांना आत्ता कळलं. वल्लरी मोजा हातात धरून थांबली.

"वत्सलाबाई, ते रागावलेले नाहीत. मला इंजेक्शन चालू आहे."

"कसलं?"

"साखरेचं. वजनाचं. भूक मारतं ते. आषाढातला वडा त्याच्यामुळे राहिला आणि आजचंही त्याच्यामुळेच."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं आणि लगेच दुसरं काहीतरी घट्ट झालं.

"म्हणजे तृप्त आहे म्हणालात ते खोटं?"

"नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरं होतं ते. त्याआधीची खोटी."

आत यादवगुरुजी उद्यासाठी दुसऱ्या ब्राह्मणाशी फोनवर बोलत होते. सर्वपित्रीपर्यंत कुणी मोकळं नाही, एकाला कसंबसं गळ घालतोय, असं ऐकू येत होतं.

"उद्या बसेल तो बसू दे," त्या म्हणाल्या. "ते उद्यापुरतं. पण पुढच्या आषाढात मला तुम्हीच हवेत. महिनाभर आधी बंद करा ते इंजेक्शन. पैशाचं असेल तर मी देते, वाया गेलं ते भरून देते. ह्यांच्यासारखं जेवणारं मला दुसरं कोणी नको. गुरुजी, शब्द द्या."

वेणूगुरुजींनी भांड्यातल्या पाण्याचा एक घोट घेतला.

"देताय ना?"

"बाबा," वल्लरी म्हणाली, "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

त्यांनी तिच्या हातातला मोजा घेतला आणि पायात चढवला. सँडलचे पट्टे एकेक करून दाबून बसवले. खुंटीवरचं उपरणं खांद्यावर टाकलं, पाण्याचं भांडं खिडकीत ठेवलं. वत्सलाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. गुरुजींनी त्यांना नमस्कार केला, "हा शब्द नाही देता येत," म्हणाले, दार उघडलं, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले.